बुवांचा वर्ग आणि आमचे देणगीदार

देणगी मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, हे साफ खोटं आहे. दर खेपेला तो एक तरी किस्सा घेऊन येतोच! माझ्याकडे तर ते इतके साठलेत, की वर्ग बंद पडून एवढा काळ लोटला तरी संपत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही जळगावात हा गायनवर्ग काढला. मी शाळामास्तर, वर्गाचा बिनपगारी चिटणीस. बुवा मिरजेकडून आलेले. पाच होतकरू मुलं निवडायची, पाच वर्षं फुकट शिकवायची, आणि सगळा भार खानदेशातल्या मोठ्या माणसांनी उचलायचा, अशी योजना. ‘संस्थानं गेली, आता गाणं आपणच सांभाळायचं!’ असं मी उद्घाटनाला तावातावाने बोललो. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या दोन वर्षांत तेवढी मोठी देणगी आम्हाला पुन्हा मिळाली नाही.

पाचांत एक सिंधू होती, जामनेरच्या एका मास्तरांची मुलगी. इथे मावशीकडे राहायची. तिचा षड्ज लागला की खालच्या धान्याच्या दुकानातले हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थबकायचे. खरं सांगतो, मला वर्ग टिकवायचा होता तो तिच्यासाठी.

*

पहिली मोहीम रावेरला, एका केळीवाल्या आबांकडे. माणूस दिलदार. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “पैसे नाही बा, पन केये लागतीन तेवढे घेऊन जा!”

नाही कसं म्हणणार? गाडीभर केळी आली. मुलं सकाळी केळी, दुपारी केळी, संध्याकाळी केळी खायला लागली. आठवड्यात पाचही गळे कफाने भरले. खर्ज लावायला बसावं तर नुसता खोकला!

बुवांनी मला बोलावलं. “चिटणीस, तुमच्या आबांना आभाराचं पत्र लिहा. आणि लिहा, पुढची केळी तबलजीच्या घरी पाठवा. त्याला गळा लागत नाही.”

*

दोंडाईच्याचे एक व्यापारी भाऊ मात्र हिशेबाला पक्के. पाच वर्षं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“पाच वर्स? गानं शिकाले?”

म्हटलं, “भाऊ, पाच वर्षांत तर नुसता पाया होतो.”

त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. मग एकदम चेहरा खुलला. “एक बुवाले पाच वर्स लागतस ना? तं पाच बुवा लावा. एक वर्समा काम खल्लास!”

मी हे बुवांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “बरोबर आहे. कापूस तसाच वेचतात.” आणि पुढे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

*

गावातल्या एका वकीलसाहेबांनी वडिलांच्या स्मरणार्थ मिरजेचा तंबोरा दिला. काय सुरेख वाद्य! बुवांनी तारा छेडल्या आणि डोळे मिटले. दोन वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी बुवा आंघोळीला गेले असताना वकीलसाहेब सुताराला घेऊन हजर. सोबत वडिलांच्या नावाची पितळी पाटी. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पातळ लाकडाची तबली असते, सगळा नाद तिच्यातून उठतो. नेमकी त्या तबलीवर, बरोबर मधोमध, चार स्क्रू मारून पाटी ठोकली! शाळेत जाता जाता मी डोकावलो तेव्हा बुवा ओल्या पंचानिशी भिंतीला टेकून उभे होते. तबलीला खालपासून वरपर्यंत चीर गेली होती.

वकीलसाहेबही घाबरले होते. वाकून वाकून पाहत होते. शेवटी सुस्कारा सोडून म्हणाले, “नशीब! चीर नावावरून गेली नाही.”

*

धुळ्याच्या एका पुढाऱ्यांनी मदत सुरू केली, पण एक अट घातली. त्यांच्याकडे पाहुणा आला की आमच्या मुलांनी स्वागतगीत म्हणायचं. आणि त्यांच्याकडे पाहुणे काय यायचे म्हणता! कलेक्टर, व्याही, बियाण्यांचे एजंट, सगळ्यांचं स्वागत. मुलांचा रियाज एस.टी.त व्हायला लागला. एकेक करून चार मुलं गळाली, उरली एकटी सिंधू. त्यांतला गंगाधर जकात नाक्यावर चिकटला. रस्त्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, “अरे, एवढा गळा आणि नाक्यावर बसतोस?”

“सर, तिथे बरं आहे,” तो म्हणाला. “गाडी आली की फक्त थांबवायची असते. स्वागत करावं लागत नाही.”

मी हसलो. घरी जाऊन मात्र जेवलो नाही.

*

शेवटी आशा उरली कापसाच्या एका जिनवाल्या शेठजींची. पुढची तिन्ही वर्षं ते एकटे उचलणार, पण आधी एकदा गाणं ऐकणार. त्यांनी नाही म्हटलं तर बुवा महिनाअखेर मिरजेला परत जाणार आणि सिंधू जामनेरला. तिथे तिला पाहायला यायची मंडळी ठरलेलीच होती, आणि त्यांच्यात बायकांनी गाणं चालत नव्हतं.

दुपारी शेठजींच्या दिवाणखान्यात बैठक मांडली. सिंधूने भीमपलास सुरू केला. मी पुष्कळ मोठमोठ्या गवयांना ऐकलं आहे, पण त्या दुपारसारखं मला कुणी रडवलं नाही. मुनीम कागद घेऊन आत आला, त्याला शेठजींनी हातानेच परत पाठवलं. तासभर माणूस हलला नाही. गाणं संपलं तेव्हा ते उपरण्याने डोळे पुसत होते. मी बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान हलवली. जिंकलो!

शेठजींनी सिंधूच्या डोक्यावर हात ठेवला.

“बुवा, धन्य आहात! इतकं सुंदर गाते ही पोर! मग आता हिला शिकवायचं काय राहिलं?”

आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय. पण ते खरंच विचारत होते! मी समजावलं, बुवांनी हात जोडले. शेठजी प्रेमाने हसत होते. “नाही हो, हिचं झालं. कुणी गाता न येणारा असेल तर आणा, त्याला जरूर मदत करू.”

आम्ही तिघं निघालो. भर उन्हात, पायीच. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, तिचे डबे संपता संपेनात. सिंधूने हळूच विचारलं, “बुवा, मी एखाद-दोन ठिकाणी चुकायला हवं होतं का?”

बुवा गाडीकडेच बघत होते.

“तेवढंच शिकवायचं राहून गेलं, बाळ.”