गमबूट आजींचा काठ

गमबूट आजी आधी ‘नाइन’, म्हणजे जर्मनमधलं ‘नाही’, म्हणत आणि प्रश्न नंतर ऐकत. ईरा, ‘गमबूट’ हे नाव तू ठेवलंस, चार वर्षांची असताना. कारण गुडघ्यापर्यंतच्या हिरव्या रबरी बुटांशिवाय त्या कुणाला कधी दिसल्याच नाहीत. तुमच्या आत्याच्या लग्नालासुद्धा त्या तेच बूट घालून उभ्या होत्या. फक्त स्वच्छ धुतलेले. तेवढा मान त्यांनी आम्हाला दिला, आणि तो थोडा नव्हता.

आज हे लिहायला मी रागाने बसले आहे. कशाचा राग, ते ओघाने येईलच. तुमची आई वाचून दाखवेल. निषादने मध्येच उठून जाऊ नये.

रेगेन्सबर्गच्या तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर त्यांचं रँच, म्हणजे अमेरिकी धाटणीचं घोड्यांचं शेत, होतं. रँच हे नाव त्यांच्या नवऱ्याची हौस. त्या माणसाला काउबॉयचं वेड. फाटकाला लाकडी चाकं, कोठारात खोगिरं टांगलेली. ‘काउबॉय तो होता. मी शेतकरी आहे,’ असं आजी नव्या पाहुण्याला पहिल्याच भेटीत बजावत. नवरा गेल्यावर घोडेही गेले, आणि त्या ती जागा लग्नांना, वाढदिवसांना देऊ लागल्या. घोड्यांपायी येणाऱ्या परदेशी लोकांकडून त्या मोडकंतोडकं इंग्रजी शिकल्या होत्या. माझं जर्मन त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं जमलं.

जागा कशी होती ते नीट सांगते, कारण आता ती तशी नाही. जुनं लाकडी कोठार, त्याच्यापुढे अक्रोडाचं प्रचंड झाड, झाडापलीकडे कमरेइतकं गवत, आणि गवताच्या टोकाला ओढा. विलोच्या झाडांच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या. वळणावर मातीचा सरळ उभा काठ होता आणि त्या काठात मुठीएवढं भोक. त्या भोकात खंड्या राहत होता. आपल्याकडे नदीवर दिसतो त्याचाच जर्मन भाऊबंद. आकाराने लहान, पण निळा तसाच झळझळीत. येणाऱ्या प्रत्येकाला फोटोसाठी नेमकं तेच वळण हवं असायचं. तुमच्या बाबांनाही.

आत्याच्या लग्नासाठी जागा ठरवायला गेलो तेव्हा आजींनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘मांडव अक्रोडाखाली. वळणावर कुणी जायचं नाही. पिल्लं आहेत. माणसं जवळ आली की आईबाप भोकात शिरत नाहीत, आणि पिल्लं उपाशी मरतात.’ तुमचे बाबा ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर’, करत मान डोलावत होते. मी शेजारी उभी होते.

लग्नाच्या दिवशी पहाटे पहिला बखेडा झाला तो नागपूरच्या आत्याआजींमुळे, म्हणजे आमच्या वन्संमुळे. आपल्याकडे सकाळी फिरायला जाताना प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडायची, ही भल्याभल्या घरांतली रीत. वन्संनी ती विमानातून बरोबर आणली होती. आंघोळ करून, ओल्या केसांनी, त्यांनी गवतातली जांभळी-पांढरी फुलं पिशवीत भरायला सुरुवात केली. आजी मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘कुणाला विचारलं?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी धावत गेले आणि दुभाषी झाले.

‘अगं, सांग तिला, देवासाठी आहेत म्हणावं. देवाच्या फुलांची चोरी होत नसते!’ वन्सं ठसक्यात म्हणाल्या.

मी तसंच्या तसं सांगितलं. आजींनी क्षणभर विचार केला. ‘मग तुमच्या देवाला सांगा,’ त्या म्हणाल्या, ‘की मागून घ्यायचं.’

वन्संचा चेहरा असा झाला की तुमचे आजोबा तोंडाला रुमाल लावून कोठाराच्या मागे निघून गेले. पण आजी तिथेच थांबल्या नाहीत. वन्संच्या हाताला धरून त्यांना मागच्या वाफ्यात घेऊन गेल्या. तिथे टोमॅटोच्या रांगांमध्ये झेंडू होता, केशरी, दाट, थेट आपला झेंडू. कीड लागू नये म्हणून तिथले लोक तो टोमॅटोजवळ लावतात. ‘आता मागा,’ आजी म्हणाल्या. वन्संनी जन्मात पहिल्यांदा फुलं मागितली. ‘बिट्टे’, म्हणजे ‘कृपा करून’, हा एक शब्द त्यांना येत होता, तो म्हणाल्या. आजींनी स्वतः कात्रीने टोपलीभर झेंडू कापून दिला. मांडवाचं तोरण त्याचंच होतं.

खरा अपराध त्यानंतरचा. फोटोग्राफरने तुमच्या बाबांचे कान भरले आणि सकाळच्या चहाच्या गडबडीत दोघांनी खुर्च्या उचलून वळणावर न्यायला सुरुवात केली. होमाचं सामानसुद्धा निघालं होतं. मी पाहिलं तेव्हा काठावर खुर्च्यांची रांग लागली होती आणि त्यातल्या मधल्या खुर्चीवर, सगळ्यांकडे पाठ करून, आजी बसल्या होत्या. हलायला तयार नाहीत.

‘आजी, फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे,’ बाबा काकुळतीला येऊन म्हणाले. ‘आयुष्यात एकदाच होतं लग्न.’

‘तुमचा एक दिवस,’ आजी म्हणाल्या. ‘त्यांचं तेवढंच आयुष्य.’

‘आई, तू तरी समजाव ना त्यांना!’

मी समजावलं, पण त्यांना नाही. ‘शब्द कुणी दिला होता?’ मी विचारलं. ‘त्या इथल्या मालक आहेत आणि तू पाहुणा आहेस. उचल खुर्च्या. आत्ताच्या आत्ता.’ नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, ‘वहिनी, एका पक्ष्यासाठी एवढं?’ मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, तुमच्या घरात बाळंतीण असताना कुणी दारात बँड लावला तर चालेल का?’ चार खुर्च्या मग त्यांनीच उचलल्या. अंतरपाट अक्रोडाखालीच धरला गेला आणि कुणाचंही काही अडलं नाही. संध्याकाळी आजींनी ईराला कोठाराच्या माळ्यावर नेऊन खिडकीतून पाण्यावरून जाणारी खंड्याची ती निळी रेघ दाखवली. ईरा, तू म्हणतेस तुला आठवत नाही. तू जिन्यावरून ओरडत आली होतीस, म्हणून मला आठवतं.

पुढे दर उन्हाळ्यात तुमच्याकडे आले की मी त्यांच्याकडे जात असे. त्या कॉफी करत, मी डब्यातून चकल्या नेत असे. चकली त्या एकेक वेढा मोडून खात आणि पाहुण्यांवर संतापत. कुणी गवतात चकचकीत कागदाचे तुकडे उधळलेले, कुणी पाण्यात बाटल्या टाकलेल्या. ‘सगळे म्हणतात, किती सुंदर,’ त्या एकदा म्हणाल्या. ‘जागा सुंदर कधी राहते? कुणीतरी रोज राबतं तेव्हा. नाहीतर कुणीच हात लावत नाही तेव्हा. यांना दोन्ही नको, फक्त फोटो हवा.’

त्यांचा मुलगा म्युनिकहून येई. गोड बोलणारा, स्वच्छ बुटांचा. गवत काढू, काठ दगडाने बांधून घेऊ, वर लाकडी फळ्यांचा मंच करू, असं त्याचं चालू असे. ‘मी असेपर्यंत नाइन,’ आजी म्हणत. मग एका हिवाळ्यात त्या बर्फावर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि मुलाने त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मला वाटलं, ‘मी असेपर्यंत’ म्हणजे मरेपर्यंत. त्याने तेवढीही वाट पाहिली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पायांत मऊ लोकरी सपाता होत्या. मला बघवेना. खिडकीतून वाहनतळ दिसत होता. चकली हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं, ‘काठ?’

तुमच्या बाबांकडून मला कळलं होतं की काम सुरू झालं आहे. मला खोटं बोलता येत नाही; मी डब्याचं झाकण लावत बसले. त्यांनी चकली खाली ठेवली. ‘आता मला नाइन म्हणायला कुणी प्रश्नच विचारत नाही,’ त्या म्हणाल्या. त्याच वर्षी, पानगळीत, त्या गेल्या.

आणि आता माझा राग. गेल्या आठवड्यात बाबांनी फोटो पाठवला. ऑफिसची पार्टी त्या रँचवर होती. ‘आई, बघ किती सुंदर केलंय!’ वळणावर दगडी भिंत, तिच्यावर मंच, दिव्यांच्या माळा, गालिच्यासारखं कापलेलं गवत. आणि फाटकावर नवी मोठी पाटी. पाटीवर काय रंगवलंय? खंड्या. निळाशार, चोचीत मासा धरलेला. ज्याचं घर बुजवलं त्याचंच चित्र दारावर! लाज कशी वाटत नाही?

पुढच्या महिन्यात निषादच्या मित्राचा वाढदिवस तिथेच आहे, असं ऐकते. जरूर जा. मी मराठीत बोलले की तुम्ही दोघं जर्मनमध्ये उत्तर देता, त्यावरून मी किती वेळा बोलले आहे. पण त्या दिवशी तुमचं ते चांगलं, स्वच्छ जर्मन घेऊन त्या गोड बोलणाऱ्या माणसासमोर उभे राहा. पाटीकडे बोट दाखवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: हा पक्षी कुठे आहे?

तो हसेल, केक पुढे करेल. तुम्ही ‘नाइन’ म्हणा, आणि परत विचारा.