केसर एकटी जेवते

केसर माझी धाकटी जाऊ. दिघीच्या धक्क्यावर मासळी विकायला बसली की तिचा भाव पार बोटीतल्या माणसाला ऐकू जायचा. मिसरीनं तिचं तोंड खाल्लं, कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झालं. एका बाजूचा जबडा काढला, जिभेचीही कड गेली. घरी आली ती गप्पच.

वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. एकविरा आईपुढे दिवा लावताना मी एवढंच मागायचे, हिच्या पोटात दोन घास जाऊ देत.

आमच्या कोळीवाड्यात दुखणेकऱ्याला एकटं जेवू देत नाहीत. शेजारणी डबे आणतात, समोर बसतात, ताट संपेपर्यंत हलत नाहीत. केसर दोन चमचे पेज घ्यायची आणि ताट सारायची.

दर मंगळवारी हॉस्पिटलातल्या दिपाली मॅडम फोन करायच्या. औषधाचं नाही, मनाचं विचारायला. फोन स्पीकरवर, मधोमध. भोवती आम्ही सगळ्या.

"केसरताई, जेवण कसं चाललंय?"

"जेवतं ना. काल कालवन केलं व्हतं," सासूबाईच सांगायच्या.

"फोनातनं काय औषध देनार ही? चमचा धाडनार काय?" शेजारची तुळशी पुटपुटायची. बाया हसायच्या. केसर तोंडाला पदर लावून बसायची.

गेल्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "आज मला फक्त केसरताईंशी बोलायचंय. ताई, फोन घेऊन जरा लांब बसाल का?"

"का? आमी काय परक्या हाव?" सासूबाई म्हणाल्या.

केसर उठली. फोन घेऊन बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपलीकडे जाऊन बसली. मी तांदूळ निवडत बघत होते. आधी ती नुसती मान हलवत होती. मग बोलायला लागली. मध्येच रडली, नाक पुसलं, पुन्हा बोलली.

परत येऊन सासूबाईंसमोर उभी राहिली. बोलताना लाळ गळली, ती तिनं पुसली नाही.

"आय, माज्या तोंडातनं घास पडतो. तुमी सगल्या बगता. मग गिळवत न्हाय. मी एकटी जेवीन."

"आमी मायेनं बसतो गो."

"ठाव हाय."

तुळशीनं डबा उचलला, परत खाली ठेवला. सासूबाईंना फार लागलं. सून कोपऱ्यात टाकली म्हणतील लोक, असं माझ्याकडे बघून बोलत राहिल्या. पण दुपारी खोलीचं दार त्यांनीच ओढून घेतलं आणि उंबऱ्याशी बसल्या. कुणी डबा घेऊन आलं की हात आडवा करायच्या, "थांब गो, ती जेवतं."

आत बराच वेळ चमचा वाजत होता. मग दार उघडलं. ताटात अर्धी पेज उरली होती, अर्धी पोटात गेली होती. केसर तिथंच भिंतीला टेकून झोपली. जेवूनच दमली होती. कुणी तिला उठवलं नाही.