एकोणीस ग्रॅमचा टेस्टर

माझ्या मेहुण्याला मी आयुष्यात दोनदा मारलं. एकदा थोबाडीत, माझ्याच दुकानात. दुसऱ्यांदा बांबूने, मनगटावर, त्याचा जीव वाचावा म्हणून. पहिल्यांदा मारलं नसतं तर दुसऱ्यांदा मारायची वेळ आली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बोरी अरबला माझं मोटारपंप आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो मारेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. दोघांनाही पायी भटकायचं वेड. दिवाळीची सुट्टी लागली की तो यायचा, आणि आम्ही पाठीवर पिशव्या टाकून महागावच्या अंगाने पैनगंगेच्या जंगलाकडे निघायचो. आठ-नऊ दिवस गावात पाय ठेवायचा नाही असा नेम. कापसाचे फार वाईट दिवस होते ते. भाव पडलेला, बोंडअळीने पीक पोखरलेलं, लाईन म्हणजे वीज निम्मा दिवस गायब. अशा दिवसांत हे दोघे हौसेने उन्हातान्हात तंगड्या तोडतात म्हणून लोक आमच्यावर हसायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून सहा व्होल्टची ॲसिडची बॅटरी नेली होती. तिसऱ्या दिवशी ती पिशवीत कलंडली आणि ॲसिड माझ्या मांडीवरून ओघळलं. पँटची चाळणी झाली, कातडी सोलून निघाली. तो डाग अजून आहे. तेव्हापासून वजन हा माझा दुष्मन झाला.

मग मी सोनाराकडून त्याचा काटा मागून आणू लागलो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं सामान काउंटरवर मांडायचं आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायची. हेडलॅम्पचा पट्टा कापून अर्धा केला. चार्जरची कवचं फोडून आतली प्लेट तेवढी घेतली आणि टेपने गुंडाळली. वायर वीतभर ठेवून बाकीची छाटली. पाठीवर बांधायचं सोलर पॅनेल, त्यावर चार्ज होणारे सहा सेल, वाट दाखवणारा जीपीएस आणि माझा जुना बटणांचा मोबाईल. मोठ्या स्क्रीनचा मोबाईल एका दिवसात मान टाकतो. बटणांचा पाच दिवस चालतो.

त्या वर्षी मेहुण्याने शेवटी टेस्टर काट्यावर ठेवला. स्क्रूड्रायव्हरसारखा असतो तो, करंट असला की मुठीतला बारका दिवा पेटतो. एकोणीस ग्रॅम भरला.

"हा कायले?" मी विचारलं. "जंगलात लाईन कुठं आहे?"

"जंगलात नाई भाऊजी, पण जंगलाच्या कडेले वावरं आहेत ना. लोकं डुकरांसाठी तारेत करंट सोडून राह्यले."

मी टेस्टर उचलून बाजूला ठेवला. त्याने तो परत पिशवीत घातला. मी काढला. त्याने घातला. "तुमाले समजत नाई," एवढंच तो म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं. विजेतलं मला समजत नाही, असं मला, माझ्या दुकानात. मी फाडकन त्याच्या कानाखाली लावली आणि टेस्टर भिरकावून दिला. तो मोटारींच्या भंगारात जाऊन पडला. मेहुणा गाल चोळत उभा राहिला आणि मग गुमान पिशवीची चेन लावू लागला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जंगलाला लागून असलेल्या एका कपाशीच्या वावराशी पोचलो. बोंडं फुटली होती. अळीतून वाचलेली बोंडं रोही, म्हणजे नीलगाई, खातात आणि डुकरं उभी झाडं लोळवतात, म्हणून चारही बाजूंनी गुडघ्याच्या वर एक उघडी तार ताणली होती. खांबावरच्या लाईनवर तिचा आकडा टाकलेला दिसत होता. पण लाईन गेलेली होती. मी आधी हातातल्या बांबूने तार हलवून पाहिली, मग उलट्या पंजाने तिला शिवलो. काही नाही. तार ओलांडून, वावर कापून आम्ही तारेच्या आतच पलीकडच्या कोपऱ्यात, नाल्याच्या थडीला मुक्काम केला.

सकाळी उजाडल्यावर त्याच वाटेने परत निघालो. मी तारेवरून टांग टाकून पुढे गेलो. मेहुणा वावरातच मागे होता, पाठीवर पॅनेल बांधत. तेवढ्यात लांबून धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, एक माणूस दोन्ही हात हलवत पळत येताना दिसला. मला वाटलं, आपल्याला कापूसचोर समजून येतोय.

"चाल लवकर," मी ओरडलो. "मालक येऊन राह्यला."

"तार पाह्यली का भाऊजी?"

"कालचीच आहे. ये."

तार खाली दाबायला त्याने हात टेकवला, आणि तिथेच थिजला. तोंड उघडं, आवाज नाही. हाताची मूठ तारेवर आवळलेली, चरचर आवाज, कातडी जळाल्याचा वास. मला त्याला हात लावायची सोय नव्हती, एवढं भान राहिलं. माझ्याजवळचा वाळका बांबू दोन्ही हातांनी उचलून मी त्याच्या मनगटावर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि तो सुटून मागे पडला. डोळे पांढरे. श्वास नव्हता.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. मी वळलो आणि धापा टाकत पोचलेल्या त्या माणसाच्या तोंडावर बांबू मारला. तो पडला. मी त्याच्या छातीवर बसून बुक्क्या मारत होतो आणि शिव्या देत होतो. त्याचे ओठ फाटले, समोरचा दात माझ्या बोटात रुतला. त्याने हात उगारला नाही.

"मले मंग मारजा भाऊ," तो रक्त थुंकत म्हणाला. "पयले त्याले पाहा."

मला बाजूला ढकलून तो तारेखालून रांगत मेहुण्याकडे गेला. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही मुठी एकत्र करून त्याच्या छातीवर दणके घालू लागला, जोराने, न थांबता. बरगडी मोडली तरी थांबला नाही. मी तारेच्या बाहेर उभा होतो. खूप वेळाने मेहुणा खोकला.

त्या शेतकऱ्याने आकडा काढला, तेव्हा मेहुण्याला बाहेर आणलं. मोटरसायकल शेतकऱ्याचीच. मध्ये मेहुणा, मागे मी, सोलर पॅनेलच्या दोरीने तिघे एकत्र बांधलेले. महागावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शेतकरी सुजलेल्या तोंडाने तेच तेच सांगत होता. लाईन पहाटे आली, तेव्हा त्याचा डोळा लागलेला होता. आकडा काढायला आणि आम्हाला थांबवायलाच तो पळत येत होता. पुढे त्याने माझ्यावर केस केली नाही आणि मेहुण्याने त्याच्यावर.

मेहुण्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. शुद्धीवर आला तेव्हा माझी बायको उशाशी बसली होती. विजेच्या दुकानवाल्याची बायको ती. तिने पहिला प्रश्न तोच केला.

"टेस्टर काहून नेला नाई रे?"

मी पायथ्याशी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मीच काढून ठेवला, ताई," तो म्हणाला. "वजन होऊन राह्यलं होतं."

मी बोललो नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. टेस्टर भंगारातून शोधून काढला, तो माझ्या खिशात असतो. मेहुणा आता डाव्या हाताने फळ्यावर लिहितो. दर दिवाळीला तो घरी येतो, आणि बायको त्याच्या ताटात भाकर कुस्करून देता देता त्याच्या बेफिकिरीबद्दल त्याला रागावते. तो मान खाली घालून हो हो म्हणतो. मी समोर बसून जेवत असतो.