गरम पाणी आणि सोललेली संत्री

किस्से मी जमवत नाही. ते इथल्या, दुबईच्या देरा बाजारातल्या धुळीसारखे असतात. दारं-खिडक्या बंद ठेवा, एसी लावा, तरी संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की थर सापडतोच. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग बाबांनी ओळखीपाळखीनं मला एका चिनी ट्रेडिंग ऑफिसात चिकटवलं. आम्ही एलईडी दिवे विकतो. म्हणजे बाकीचे विकतात, मी खोकी उचलतो. उचलता उचलता जे दिसलं ते सांगतो. हसू आलं तर हसा. मला हल्ली येत नाही.

*

सुरुवात गरम पाण्यापासून. बाहेर ऑगस्ट, चपलेखाली डांबर मऊ झालेलं, आणि आमच्या ऑफिसात सगळे चिनी थर्मासमधून वाफाळतं पाणी पितात. शोरूम सांभाळणारी लिन माझ्याहून थोडीशीच मोठी. तिच्याकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध. पोट दुखतंय? गरम पाणी. पाठ धरली? गरम पाणी. एक कस्टमर शिव्या देऊन गेला, त्यालाही तिनं दिलं असतं, पण तो थांबला नाही.

एकदा तिनं विचारलं, "कॉलेज का सोडलंस?"

मी सगळं सांगितलं. ऐकून तिनं कप भरला आणि माझ्याकडे सरकवला. बस, एवढंच. या विषयावर मला आम्ही राहतो त्या अल बर्शातल्या एकूण एक काका-काकूंनी सल्ला दिलाय. उपयोगी पडलेला हा एकच.

*

दुपारचं जेवण झालं की दिवे विकणाऱ्या या ऑफिसातले सगळे दिवे बंद होतात. आमचे मालक वू. त्यांना सगळे 'लाओबान' म्हणतात, म्हणजे मालकच. ते गळ्यात उशी अडकवून टेबलावर डोकं टेकतात आणि घोरतात. त्यांच्यामागोमाग सगळं ऑफिस. यात ना चोरी, ना लाज.

बाबा एकदा "सहज इकडून चाललो होतो" म्हणत मला तपासायला आले, ते नेमके याच वेळी. अंधार, आणि टेबलाटेबलावर पडलेली डोकी.

"अरे, गॅस-बिस लीक झालाय का?" ते कुजबुजले.

"झोपलेत."

"ऑफिसात? शरम नाही लोकांना."

बाबा स्वतः 'साइटवर जातो' सांगून मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावतात आणि सीट मागे करून झोपतात. मला माहीत आहे, आईला माहीत आहे, त्यांच्या बॉसलाही माहीत असणार. पण डोळ्यांवर काळा चष्मा असतो. म्हणजे इभ्रत शाबूत.

*

वू कधीच 'नाही' म्हणत नाहीत. हे मला फ्रान्सिस अंकलमुळे कळलं. अंकल आमचे अकाउंटंट, मूळचे वसईचे, उभं आयुष्य इथे गेलेलं. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी रजा मागितली.

"व्हेरी गुड! व्हेरी हॅपी!" वू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंकलच्या टेबलावर संत्र्यांची प्लेट. वूंनी स्वतःच्या हातानं सोललेली, फोडींवर पांढरा दोरासुद्धा शिल्लक नाही. अंकल गुपचूप एकेक फोड खात बसले. मुलीचं लग्न त्यांनी फोनवर पाहिलं.

"बेटा, शिकून ठेव," ते मला म्हणाले. "येस म्हणजे बघू. बघू म्हणजे नाही. और फल आया, तो खलास. विषय बंद."

"मग भांडला का नाहीत?"

"एवढ्या प्रेमानं सोललं होतं रे त्यांनी."

असली माणसं आमच्या वाट्याला वडीलधारी म्हणून आलीत.

*

चिनी नववर्षाच्या जेवणाला वूंनी बाबांनाही बोलावलं. अख्खा वाफवलेला मासा आला. त्यांच्यात माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करतात. वूंनी ताट फिरवून ते बाबांकडे केलं. बाबा फुगले.

"मुलगा ऑनलाइन एमबीए करतोय," त्यांनी ठोकून दिलं.

मी असलं काहीही करत नाही. वूंना हे पक्कं माहीत होतं. सकाळीच त्यांनी मला कंटेनर उपसायला लावला होता. पण पाहुण्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म.

"व्हेरी ब्रिलियंट," वू म्हणाले. "नेक्स्ट मॅनेजर."

दोघंही खूश. समोरचा थापा मारतोय हे दोघांनाही ठाऊक. त्या टेबलावर खोटं न बोलणारा एकच होता, आणि त्याला वाफवून आडवा ठेवला होता.

*

लिनचे वडील तिकडे चीनमधल्या एका लहान गावात. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांना रोज व्हिडिओ कॉल करायची. पहिला प्रश्न त्यांचा ठरलेला: "जेवलीस?" ऐकून ऐकून चिनी भाषेतलं तेवढं एक वाक्य मला कळायला लागलं. मग दोघं आपापली वाटी कॅमेऱ्यासमोर धरणार आणि एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवणार. बापलेक एवढं हसतात हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

हळूहळू त्यांचा चेहरा बारीक होत गेला. मग लिनचा भाऊच फोन उचलायला लागला. बाबा झोपलेत म्हणे.

एक दिवस लिन बाहेर गेली असताना वूंनी मला आणि अंकलना बोलावलं. तिच्या घरून त्यांना फोन आला होता. वडिलांना कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत. खुद्द वडिलांना अल्सर म्हणून सांगितलंय. लिनलाही तेच. "आपण बोलायचं नाही," वू म्हणाले. "जाऊन ती काय करणार? उगाच दुःख."

अंकलनी मान डोलावली. ते त्यांना छान जमतं.

घरी मी हे बाबांना सांगितलं. म्हटलं, निदान हे तरी चिडतील.

"बरोबरच आहे त्यांचं," बाबा म्हणाले. "तुझी आजी गेली तेव्हा तुझी परीक्षा होती. आम्ही सांगितलं का तुला?"

"नाही. तेरावं उरकल्यावर सांगितलंत. आणि परीक्षेत मी नापासच झालो."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे बंद झाल्यावर मी लिनच्या टेबलापाशी उकिडवा बसलो. ती जिवंत बापाला शेवटचं बघू शकत होती, आणि हे म्हातारे तिच्या वतीनं 'नको' म्हणून मोकळे झाले होते.

"लिन, तुझे बाबा..."

"माहीत आहे," तिनं टेबलावरचं डोकं न उचलता सांगितलं. "भावाला खोटं बोलता येत नाही."

"मग जा ना. आजच तिकीट काढ."

"मी फक्त नववर्षाला घरी जाते. आता एकदम दारात उभी राहिले, तर त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"अल्सर झाला म्हणून मुलगी दुबईहून धावत येत नाही."

माझं डोकं फिरलं. "हा काय मूर्खपणा आहे? त्यांना तू दिसायला नकोस का?"

"हळू बोल," ती म्हणाली. "लाओबान झोपलेत."

पण पलीकडचं घोरणं केव्हाच थांबलं होतं.

*

त्यानंतर एका दुपारी जेवण झालं तरी दिवे चालूच राहिले. वूंची उशी खुर्चीवर तशीच होती. ते पॅन्ट्रीतून बाहेर आले. हातात प्लेट, प्लेटमध्ये सोललेली संत्री. पांढरा दोरासुद्धा शिल्लक नाही.

त्यांनी ती लिनसमोर ठेवली.

"सध्या काम कमी आहे," ते म्हणाले. "घरी जाऊन ये. सांग, मालकानंच सुट्टी दिली. फिर जरा. तिकडे आता हवा छान असेल."

खाली लोडिंग बेमध्ये उपसायचे दोन कंटेनर उभे होते. फ्रान्सिस अंकलनी फोन कानाला लावला आणि "हां, हां" म्हणायला लागले. फोन वाजलाच नव्हता.

लिननं प्लेटकडे पाहिलं. एक फोड उचलली, खाल्ली. मग दुसरी. वू रुमालानं बोटं पुसत तिथेच उभे. पुसून झाली तरी पुसतच होते. तिनं प्लेट संपवली.

मग थर्मास उघडून तिनं कप भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"लाओबान," ती म्हणाली, आणि पुढचं चिनीत म्हणाली. तेवढं मला कळतं. "जेवलात?"

वूंनी कप घेतला.

लिन उठली आणि तिनं एकेक करून सगळे दिवे बंद केले.