पुस्तकाच्या मागची सोळा पानं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. वसईला मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर पेन हातात आलं ते ग्रोसरीच्या यादीपुरतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हातात पडलीच, तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

डेब्रा त्या दिवशी कॅनडात, ओकव्हिलच्या आमच्या किचनमध्ये दोन कागद समोरासमोर ठेवून बसली होती. ती होमस्टे एजन्सीची कोऑर्डिनेटर. होमस्टे म्हणजे परदेशातून इंग्लिश शिकायला आलेल्या मुलांना आपल्या घरी ठेवायचं. खोली द्यायची, नाश्ता आणि रात्रीचं जेवण द्यायचं, घरच्यासारखं वागवायचं. पैसे एजन्सी देते. नवरा गेल्यावर मी हे काम धरलं. खोली रिकामी होती आणि स्वयंपाक तर करायचाच होता.

डेब्राने एका कागदावर बोट ठेवलं. "वर्कबुकमध्ये दोन महिने सगळी उत्तरं बरोबर. एकही चूक नाही." मग दुसऱ्यावर ठेवलं. "आणि स्कूलच्या टेस्टमध्ये शंभरात एकतीस. हे कसं?"

मी समजल्यासारखी मान हलवली. माझ्या बाजूला हारुका बसली होती, तिनेही मान हलवली.

"मी प्रश्न विचारला आहे," डेब्रा म्हणाली.

आम्ही दोघींनी परत मान हलवली.

हारुका जपानहून आलेली, एकोणीस वर्षांची. तिला ओटावाच्या कॉलेजात लहान मुलांच्या डेकेअरचा कोर्स करायचा होता. त्यासाठी ही टेस्ट पास व्हायला हवी होती. वडिलांनी दोनच संधी दिल्या होत्या. दुसऱ्यांदा नापास झाली तर परत जायचं आणि त्यांच्या ऑफिसात बसायचं. पहिली संधी गेली होती. दुसरी सहा आठवड्यांवर होती. डेब्राने जाताना सांगितलं की दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर हारुकाला दुसऱ्या घरी हलवावं लागेल, जिथे प्रॅक्टिस नीट होईल.

आता या प्रॅक्टिसचं सांगते. एजन्सीचा फॉर्म माझ्या मुलीने, जॅकलिनने भरला होता. त्यात एक चौकोन होता. होस्ट मदरने रोज एक तास ग्रामर आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन घेतलं, तर आठवड्याला पंचवीस डॉलर जास्त. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन म्हणजे एक उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे उतारा समजला की नुसता वाचला ते कळतं. जॅकलिनने मला न विचारता त्या चौकोनात टिक केली. शिक्षणाच्या जागी काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "मम्मी, आय लेफ्ट इट ब्लँक. नोबडी रीड्स दोज."

वीस वर्षं नर्सिंग होमच्या लाँड्रीत काम करून मला बोलण्यापुरतं इंग्लिश येतं. वाचता येतं ते औषधाच्या बाटलीवरचं आणि बसच्या पाटीवरचं. ग्रामर मला मराठीचंही नीट येत नाही. पण पहिल्याच संध्याकाळी मला त्या वर्कबुकची शेवटची सोळा पानं सापडली. त्यांना आन्सर की म्हणतात. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे छापलेली. पहिल्याला बी, दुसऱ्याला डी. अक्षराला अक्षर जुळवायला चौथी पुष्कळ झाली.

हारुका टेबलाच्या त्या बाजूला लिहायची. मी या बाजूला शेवटची पानं उघडून जुळवायची आणि लाल पेनने बरोबरच्या खुणा करायची. पहिल्या दिवशी तिची सहा उत्तरं चुकली. तिने एका उत्तरावर बोट ठेवून विचारलं, "व्हाय?" मी बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं, मग उठून तिच्यासाठी चहा केला.

दुसऱ्या दिवसापासून तिची एकही चूक झाली नाही. मला वाटलं, काय हुशार पोरगी आहे. मी शिकवते आहे असंही थोडं वाटायला लागलं होतं.

डेब्रा गेल्यावर मी हारुकाला विचारलं, घरी सगळं येतं, मग शाळेत काय झालं? तिने टेबलक्लॉथची घडी सारखी केली. मग उठली, खोलीतून दुसरं वर्कबुक घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. तेच पुस्तक. तिने स्वतः विकत घेतलेलं. शेवटची सोळा पानं वापरून मऊ पडली होती.

"माझं चुकलं, तर ओकासानला समजावावं लागेल," ती म्हणाली. आईला त्यांच्याकडे ओकासान म्हणतात, मला ती तेच म्हणायची. "पहिल्या दिवशी ओकासानला त्रास झाला. म्हणून मी चुकले नाही."

म्हणजे दोन महिने ती आन्सर कीमधून उतरवत होती आणि मी आन्सर कीवरून तपासत होते. मला लाज वाटू नये म्हणून तिने आपला कोर्स पणाला लावला होता, आणि मी त्याचे पंचवीस डॉलर घेत होते.

मी खाली मान घालून सांगून टाकलं. "मी फक्त चार वर्षं शाळेत गेले."

"मला माहीत आहे," हारुका म्हणाली.

"कधीपासून?"

"चहा केला तेव्हापासून."

मी कात्री आणली. दोन्ही पुस्तकांची सोळा-सोळा पानं कापली आणि जॅकलिनला दिली. तिला बजावलं की संध्याकाळी कामावरून आलीस की तू तपासायचं. फॉर्ममध्ये टिक तू केलीस. ती काहीतरी पुटपुटली, पण तपासायला लागली.

ग्रामर तिच्याकडे गेलं. उतारे माझ्याकडे राहिले. मला वाचता येत नव्हते, म्हणून हारुका वाचायची आणि काय झालं ते मला साध्या इंग्लिशमध्ये सांगायची. मला समजलं नाही की मी थांबवायची. आता मान हलवायची नाही असं आमचं ठरलं होतं. कोण म्हणालं? कोणाला? त्याने आधी का नाही सांगितलं? मला खरंच ठाऊक नसायचं, त्यामुळे तिला खरंच शोधावं लागायचं. एकेका उताऱ्याला तास जायचा.

एकदा उताऱ्यात एक पत्र आलं. भाड्याने राहणाऱ्या बाईने घरमालकाला लिहिलेलं. हिटर तीन आठवडे बंद आहे, आपण दुरुस्त केलात तर मी फार आभारी राहीन. खाली प्रश्न होता, पत्राचा टोन काय आहे. टोन म्हणजे लिहिणाऱ्याचा सूर. हारुका म्हणाली, "ही बाई आभार मानते आहे. खूश आहे."

"बाहेर थंडी किती आहे?" मी विचारलं.

तिने फोनवर पाहून सांगितलं, "मायनस अठरा."

"तीन आठवडे. तू खूश असशील?"

ती पत्राकडे परत बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ओकासान, ही फार रागावली आहे." आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. असा राग तिच्या ओळखीचा होता. माझ्याही होता. फक्त तो पुस्तकात छापतात, हे आम्हाला माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी डेब्राने वर्कबुक पाहिलं. लाल फुल्याच फुल्या. ती म्हणाली, हे बरं दिसतंय. हारुका घरातच राहिली आणि दुसऱ्या टेस्टमध्ये शंभरात बहात्तर घेऊन पास झाली. डेब्राने मला नवीन होस्ट मदर्सच्या मीटिंगमध्ये माझी पद्धत सांगायला बोलावलं. मी गेले, उभी राहिले, पुस्तकाची मागची पानं कापा म्हटलं आणि खाली बसले. सगळ्यांनी लिहून घेतलं.

पण आधीच्या आठ आठवड्यांचे दोनशे डॉलर माझ्या मनात होते. ते जॅकलिनच्या विंटर टायर्समध्ये गेले होते. एजन्सीला परत करायचे तर फॉर्म भरून कारण लिहावं लागलं असतं. म्हणून पैसे साठवले आणि पाकिटात घालून हारुकालाच दिले. तिने दोन्ही हातांनी घेतले. तीन दिवसांनी आमच्या ओट्यावर नवा राइस कुकर आला. जॅकलिनने फोनवर किंमत पाहिली. शंभर डॉलर.

हारुकाने समजावलं की त्यांच्याकडे काही मिळालं की निम्म्याचं परत करतात. मी तिला काय बोलणार? दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे मला माझ्या आईने शिकवलेलं.

म्हणजे फिटले शंभरच. मी आणखी शंभर दिले. पन्नासची लोकरीची शाल आली.

"मम्मी," जॅकलिन म्हणाली, "मॅथेमॅटिकली, धिस नेव्हर एंड्स."

हारुका ओटावाला निघाली त्या दिवशी मी तिला गो ट्रेनच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर सोडायला गेले. उरलेले पन्नास पाकिटात घातले आणि सोबत एक चिठ्ठी. माझी इंग्लिशमधली पहिली. ती लिहायला मला दोन दिवस लागले. त्या हिटरच्या पत्रातलंच वाक्य घेतलं होतं. तू मला काहीही परत पाठवलं नाहीस, तर मी फार आभारी राहीन.

तिने प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचली. मी विचारलं, "टोन?"

ती म्हणाली, "पोलाइट." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "व्हेरी अँग्री."

"करेक्ट," मी म्हटलं. मागची पानं न बघता मी तपासलेलं ते पहिलं उत्तर.

तिने पाकीट बॅगेत ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि ट्रेनमध्ये चढली.

ख्रिसमसला तिचं कार्ड आलं. मी ते उलटंसुलटं केलं, हलवून पाहिलं. आत काही नव्हतं. दोनशे डॉलर पूर्ण फिटले.