अप्पांची हाळी आणि घरघरणारा डबा

औरादच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो सुट्ट्या भागांनी. हैदराबादहून एकेक भाग बसमधून मांडीवर धरून आणला आणि मीच जोडला. लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून त्यावर माझं पोट चालायचं. यंत्र काम झकास करायचं, पण घरघर अशी की ओसरीवरून माझे वडील, अप्पा, ओरडायचे, "गिरनी बंद कर की रं, डोस्कं उठायलंय!" मी हसण्यावारी न्यायचो. पत्रिका छापणाऱ्याला आवाजाचं काय पडलंय?

मग अप्पांच्या घशात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं कायमचं जाईल.

आम्ही धनगर. मेंढरं मी शाळेत असतानाच विकली होती आणि अप्पा दुसऱ्यांच्या रानात रोजानं जात होते, पण त्यांची हाळी गेली नव्हती. बांधावर उभं राहून, जीभ टाळूला लावून ते ती अशी काही उचलायचे की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची. आता आवाज बसायला लागला होता, तरी हाळी अजून निघत होती. बायकोला सहावा महिना लागलेला. पोटातलं लेकरू ही हाळी कधीच ऐकणार नाही, हे मला पटतच नव्हतं. तेव्हाच्या आमच्या मोबाईलात आवाज साठवायची सोय नव्हती. मी एक माइक आणला आणि अप्पांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. नुसती घरघर, आणि तिच्यामागं कुठंतरी अप्पा. मी इरेला पेटलो. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा खोलून त्याच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल सोडलं. हार्ड डिस्कखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. छताचा पंखा बंद ठेवला, खिडकी लावून घेतली. डबा पलीकडच्या खोलीत न्यावा तर माइकची वायर पुरेना. घरघर थोडी खाली आली, पण गेली नाही. तिकडे अप्पांचा आवाज मात्र रोज उतरत होता. मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटायची.

"त्येला घोंगडी घाल," अप्पा एकदा म्हणाले.

"घोंगडी?"

"मग! पावसात मेंढरांच्यात झोपताना डोस्क्यावर घेतली की कायबी ऐकू यायचं न्हाई."

मेंढरांमागची ती एकच घोंगडी घरात उरली होती. देवाच्या कार्याला ती अंथरायची, एरवी घडी घालून उतरंडीवर ठेवायची. अशा घोंगडीला आमच्यात कोणी कात्री लावत नाही. मी नको नको म्हणत असताना अप्पांनी लोकर कातरायची जुनी कात्री काढली आणि घोंगडीचे तुकडे पाडले.

"कामून कापायलाव, अप्पा?"

"देव काय बोलायलाय व्हय? बोलायलो मी. ते बी किती दिस."

तुकडे मी डब्याच्या आत चारी बाजूंनी चिकटवले. आणि खरंच, घरघर विझली. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. पुढच्या काही दुपारी अप्पा बोलले. हाळी दिली, मला शिव्या दिल्या, मेलेल्या जोडीदार मेंढक्याची नक्कल केली, न जन्मलेल्या नातवंडाला उगीच रागावले. मला वाटलं, जिंकलो. सीडीवर उतरवायला डबा बीदरला न्यावा लागणार होता, ते ऑपरेशननंतर बघू म्हणून ठेवलं.

ऐन उन्हाळा होता. शेवटच्या दुपारी बोलता बोलता पडदा काळा झाला. दुपारी लाइट जाणं रोजचंच, आणि छताचा पंखा तर मीच बंद ठेवलेला, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही. मी बटणं बंद केली आणि सोलापूरच्या तयारीला लागलो.

ऑपरेशन करून अप्पा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. भेटायला चुलते, शेजारी, सगळे जमले. अप्पांनी आधी कानाला हात लावला, मग खोलीकडं बोट केलं. ऐकव म्हणत होते. मी मोठ्या रुबाबात बटण दाबलं. आतून टक, टक असा आवाज आला आणि पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचं लिहून आलं. डबा उघडला तर तापलेल्या लोकरीचा वास. पंख्याच्या पात्यांत लोकर गुंतून बसली होती. पावसात माणसाला ऊब देणारी ती घोंगडी, तिनं डब्यातली उष्णता बाहेर जाऊच दिली नव्हती. बीदरच्या दुकानदारानं पुढं डिस्क कानाशी धरून हलवली आणि परत माझ्या हातात दिली. मी ती घेऊन हैदराबादलाही गेलो. तिथंही कोणी काही करू शकलं नाही.

"अप्पा, गेलं सगळं," डबा उघडला त्या दिवशीच मी म्हणालो होतो. अप्पांचे ओठ बराच वेळ हलले. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं ते काय म्हणाले ते मला कधीच कळलं नाही.

पावसाळ्यात मुलगी झाली. बायकोनं तिला अप्पांच्या मांडीवर दिलं. ते तिच्याकडं बघत राहिले, मग मान ताठ केली आणि जीभ टाळूला लावली. सगळी हवा गळ्याच्या भोकातून निघून गेली. पोर झोपलेलीच राहिली.