मधातलं आलं आणि म्हशीचा खोकला

आमच्या घरात औषध घेणारे सगळे होते, आजारी मात्र एकटी माय होती. गोष्ट बासष्ट-त्रेसष्टची, बालाघाटची. मी नुकताच मास्तर झालो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि जगातलं सगळं विज्ञान आपल्यालाच कळतं अशी माझी पक्की खात्री होती. बाबूजी, म्हणजे माझे वडील, शेती आणि भाषणं दोन्ही करायचे. शेती गड्यांच्या हातांनी, भाषणं स्वतःच्या तोंडानं.

मायला खोकला लागला होता. आमचा स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. वारासिवनीच्या मिलमधून धानाचा भुसा पोत्यानं यायचा. शेगडीत ठासून भरला की दिवसभर धुमसायचा. तो धूर मायच्या छातीत जाऊन बसला. पावसाळ्यात लागलेला खोकला दिवाळी झाली तरी गेला नाही. आडवं पडलं की ढास यायची, म्हणून ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची. आणि खोकला जुना झाला की लोक त्याला दुसरंच नाव देतात. हळदीकुंकवाला बायका तिच्यापासून हातभर सरकून बसायला लागल्या. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. "एक दिवस उठवूनच देतीन मले," म्हणाली. बाबूजींना तिनं दहादा सांगितलं होतं. बाबूजी म्हणायचे, "हवा बदलली का जाते आपोआप." हवा दोनदा बदलली.

उपाय सांगितला बैहरच्या जंगलाकडून मध विकायला येणाऱ्या एका म्हातारीनं. कोवळं आलं खरवडून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, फडक्यानं कोरड्या पुसायच्या, काचेच्या बरणीत भरून वर बुडेपर्यंत कच्चा मध ओतायचा. मध तापवायचा नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, रोज एकदा उघडून आतली हवा जाऊ द्यायची. फेस येतो, मध पातळ होतो, घाबरायचं नाही. तीन आठवडे मुरलं की सकाळ-संध्याकाळ एक चकती आणि चमचाभर रस. एवढंच.

पण म्हातारीचा मध बाबूजींनी घेऊ दिला नाही. "दारावरचा मध म्हंजे गुळाचा पाक. मी सोता आणतो बैहरहून, असली." तो असली मध यायला अडीच महिने लागले. कधी बस चुकली, कधी सभा निघाली. माय तोवर भिंतीला टेकून बसलेली.

शेवटी मध आला, आणि त्याची परीक्षा सुरू झाली. शेजारी एक रिटायर पेशकार राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. उभा जन्म कचेरीत लोकांच्या अर्जांवर शंका काढण्यात गेलेला, आता मधावर काढू लागले. एक थेंब पाण्यात टाकला. एक वात बुडवून पेटवली. थोडा तळहातावर चोळला, थोडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. खरा मध कुत्रं चाटत नाही म्हणून पोळीला लावून कुत्र्यापुढे टाकला. कुत्रं पोळीसकट चाटूनपुसून गेलं. काका म्हणाले, "कुत्रंच खोटं आहे." तोवर बाटली गळ्याखाली उतरली होती.

उरलेल्या मधात मायनं आलं घातलं. बाबूजींनी बरणी पाहिली आणि वैतागले. त्यांच्या मते बरणी म्हटली की लोणचं, आणि लोणचं म्हटलं की फडकं बांधून, सुतळी आवळून, झाकण गच्च. "हवा लागली का बुरशी येते, एवढं कळत नाई तुले?" त्यांनी स्वतः सुतळी आवळली. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण फट्कन उडालं आणि मध फळीवरून ओघळत खालच्या पिठाच्या डब्यात गेला. बाबूजी म्हणाले, "बरणीच हलकी आहे." मायनं पीठ चाळलं, फळी पुसली, दुसरं झाकण नुसतं टेकवून ठेवलं.

मग फेस आला. अहो, काय तो थाट! चकत्या वर तरंगत होत्या, बुडबुडे सुटत होते, आंबूस गोड वास घरभर. मी मायला वायू कसा तयार होतो यावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. ती "हौ, हौ" म्हणत खोकत होती. पेशकारकाकांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे लकाकले. "हे त मोहाच्या दारूसारखं उतरून राह्यलं!"

झालं! बाबूजी दारूबंदीवर गावोगाव बोलणारे. त्यांच्याच घरात दारू? त्यांचा चेहरा पडला. काकांनी जबाबदारी घेतली. रोज संध्याकाळी येऊन ते एक चमचा घ्यायचे, जीभ टाळ्याला लावून विचार करायचे आणि निकाल द्यायचे, "आज नाई झाली. उद्या पाहू." उद्या पुन्हा पाहायचे. इतकी इमानदार तपासणी त्यांनी नोकरीत केली असती तर निम्मा जिल्हा सुधारला असता.

दारू झाली नाही असं रोज सिद्ध होत गेलं तशी बाबूजींना हिंमत आली. किरनापुरला त्यांचं भाषण होतं, घसा साफ हवा. दोन चकत्या. भाषण झालं, घसा बसला. पुन्हा दोन. रामपायलीहून मामा आला, मायचा सख्खा भाऊ. त्याला गॅस होता. "ताई, थोडसं चाखू दे," म्हणून त्यानं वाटीत घेतलं आणि पोळीशी खाल्लं. आणि मी? मी रोज पाच तास शिकवत होतो हो! माझाही घसाच होता. शाळेत जाताना एक चकती तोंडात टाकायचो, कधी परत आल्यावरही. आपण एक चकती घेतली तर काय बिघडतं, असं आम्हा चौघांनाही वाटत होतं.

माय एवढंच म्हणायची, "अजून मुरलं नाई बापा." ती स्वतः मुरायची वाट पाहत होती. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. एकविसाव्या दिवशी अंघोळ करून तिनं बरणी उतरवली. आत दोन चकत्या होत्या आणि तळाला बोटभर रस. तिनं बरणी उजेडाकडे धरून पाहिली. बाबूजी तिथेच बसले होते. म्हणाले, "थोडसंच केलं व्हतं तुनं. जास्त करा लागत व्हतं."

तिनं झाकण टेकवलं आणि बरणी परत फळीवर ठेवली. मला वाटलं, सोसलं तिनं, नेहमीसारखं.

दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "अजी, म्हैस खोकून राह्यली."

बाबूजींचा घास हातातच राहिला. दिवसाला आठ शेर दूध देणारी म्हैस! ते उष्ट्या हातानं गोठ्यात गेले. म्हशीनं नाक फुरफुरवलं. म्हशी फुरफुरतातच, पण ते परत आले ते घामेजलेले. "कवापासून? आधी काहून नाई सांगितलं?"

"आताच लागला. मधात अद्रक मुरवून द्या लागते म्हणते थे म्हातारी. गुळानं होत नाई."

तिसऱ्या दिवशी मध घरात होता. बाबूजी पहाटेच्या बसनं बैहरला गेले, सभा टाकून गेले. दोन बाटल्या आणल्या. या मधाची परीक्षा झाली नाही. कुत्र्यालाही कोणी विचारलं नाही. आलं आठवडी बाजारातून त्यांनी स्वतः निवडून आणलं, कोवळं, बिनरेषांचं. बरणी गोठ्यातल्या कोनाड्यात बसली. बाबूजींनी घरात बजावून ठेवलं, "त्या बरणीले कोणी हात लावायचा नाई. ढोराचं औषध आहे." काकांना हे कळल्यावर ते गोठ्यावरून जाताना नाकाला उपरणं लावायला लागले. मामा आला तेव्हा त्याचा गॅस बरा होता. फेस आला, गेला. मध पातळ झाला. तीन आठवडे झाले तरी बरणी गळ्यापर्यंत भरलेली.

एक दिवस शाळा लवकर सुटली. सायकल ठेवायला मी गोठ्यात गेलो तर माय म्हशीजवळ उभी. हातात चमचा. म्हैस रवंथ करत होती आणि मायही काहीतरी चघळत होती. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सांगशीन का बाबूजीले?"

"नाई."

"मंग सायकल लाव अन् जाय घरात."

मी हललो नाही. पहिल्या बरणीतल्या किती चकत्या मी खाल्ल्या ते आठवायचा प्रयत्न करत होतो. आठवेना. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे पाहवेना. अजून वाटते.

महिनाभरात ती आडवी होऊन झोपायला लागली. खोकला गेला. जेवताना बाबूजींच्याही ते ध्यानात आलं. खूश झाले. "पाह्य! म्हणत नव्हतो मी? औषध नाई, काई नाई, गेला का नाई आपोआप?"

"हौ," माय म्हणाली.

"म्हशीचा?"

"कमी आहे."

"तरी औषध बंद नको करजो. अजून पंधरा दिवस दे." त्यांचा आवाज मऊ झाला, खरंच जीव होता त्यांचा म्हशीवर. "मुकं जनावर आहे थे. त्याले काय होऊन राह्यलं, थे थोडंच सांगते कोणाले?"

मायनं त्यांना भात वाढला, मग मला वाढला. मी नको म्हणालो नाही, मान खाली घालून जेवलो.